जर्मनीकडून नेमकं काय घ्यायचं?

व्यवसाय शिक्षणाचा विषय निघाला की कुणीतरी जर्मनीचं नाव घेतंच. आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत, एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत, तीन-साडेतीन वर्षांत पोरगं तयार. आणि दुसरा देश त्यातून आधी काय उचलतो? वेळापत्रक. तेवढंच सोपं असतं ना!

मला विचाराल तर खरी गोम परीक्षेत आहे. तिथे शिकवते कंपनी, पण पास-नापास ठरवते चेंबरची, म्हणजे त्या भागातल्या उद्योग-व्यापाऱ्यांच्या संस्थेची, परीक्षा समिती. तिच्यात मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी सारख्या संख्येने बसतात, शिवाय व्यवसाय शाळेचा निदान एक शिक्षक. अभ्यासक्रमही कंपनीच्या मर्जीचा नाही. सव्वातीनशेच्या आसपास व्यवसाय आहेत आणि प्रत्येकाचा आराखडा देशभर एकच. १९६९च्या कायद्यानुसार शिकाऊ उमेदवाराला शिकण्याशी संबंध असलेलंच काम देता येतं. तरीही एखाद्याने तीन वर्षं त्याला नुसतं झाडलोटीला आणि माल उचलायला जुंपलं, तर परीक्षेत पितळ उघडं पडतं. प्रमाणपत्र सगळीकडे चालतं, त्यामुळे पोरगं नंतर दुसऱ्या कंपनीत जायलाही मोकळं.

हे बाहेरचं कुणी तपासणारं नसेल तर उमेदवारी म्हणजे स्वस्तात राबवून घेणं. विद्यावेतन देऊन वर उपकाराची भाषा!

नुसता पैसा ओतूनही भागत नाही. इंग्लंडमध्ये २०१७पासून वर्षाला ३० लाख पौंडांच्या वर पगारखर्च असलेल्या मालकांना उमेदवारांच्या शिक्षणासाठी ०.५ टक्का आकार भरावा लागतो. पण त्या पैशातून बऱ्याच कंपन्यांनी आधीपासून नोकरीत असलेल्यांना, अगदी मॅनेजरांनासुद्धा, 'अप्रेंटिस' म्हणून शिकवलं. नियम कुणी मोडला नाही, पण शाळेतून नुकती बाहेर पडलेली मुलं मागे पडली.

पालकांचा प्रश्न वेगळाच. "पुढे शिकता येईल का?" हे त्यांना आधी कळायला हवं, आणि ते विचारतात यात चूक काहीच नाही. स्वित्झर्लंडने १९९०च्या दशकात उमेदवारीला जोडून व्यावसायिक मॅट्युरिटी ही पुढच्या शिक्षणासाठीची पात्रता आणली, तिच्यावर उपयोजित विज्ञान विद्यापीठात प्रवेश मिळतो. यूबीएस या बड्या बँकेचे प्रमुख झालेले सर्जियो एर्मोटी यांची सुरुवातही बँकेतल्या उमेदवारीनेच झाली.

ज्या देशात अशी चेंबर्स नाहीत तिथे ती एका रात्रीत उभी राहणार नाहीत. म्हणून दोन-तीनच व्यवसाय निवडावेत आणि मालक व कामगार संघटनांनी मिळून आधी त्यांची परीक्षा बसवावी. किती दिवस कंपनीत आणि किती शाळेत, ते नंतर बघता येईल. यात मंत्र्यांना फीत कापायला बराच काळ काही मिळणार नाही, एवढी अडचण आहे खरी.