सावकाश होऊ द्या

आपल्याकडे पंगतीत यजमान हात जोडून "सावकाश होऊ द्या" म्हणतात, तेव्हा दुसऱ्या पंगतीची मंडळी आपल्या पाठीशी येऊन उभी राहिलेली असतात, त्यामुळे "आटपा" हा त्यातला गर्भितार्थ मराठी माणसाला मुंजीच्या वयापासून कळतो. फ्रान्समधल्या खेड्यांत हा आग्रह कोणी तोंडाने करत नाही. तो थेट अमलात आणला जातो आणि रात्री आठाला जेवून दहाला अंथरुणावर पडणाऱ्यांचे त्यात हाल होतात.

हे हाल मी नैऋत्य फ्रान्समधल्या दोर्दोन्य भागात, सार्ला गावाजवळच्या एका खेड्यात, पत्नी आणि तिचे सत्तरी ओलांडलेले मामा यांच्या सोबतीने भोगले. पिवळसर चुनखडीच्या घरांनी वेढलेला चौक आणि डेरेदार झाडाखाली मांडलेली टेबले पाहून आम्ही हरखलो होतो, पण मामांना साडेसहापासूनच भूक लागली होती आणि साडेसातच्या आत तिथल्या स्वयंपाकघरातली चूल पेटत नाही. त्यातून जूनअखेरीस तिथला सूर्य पावणेदहा वाजून गेल्याशिवाय मावळत नसल्यामुळे आपण रात्रीचे जेवण मागतो आहोत की दुपारचा चहा, याचाच उलगडा होईना.

प्रथम पेयाची विचारणा झाली. मामांनी साधे पाणी मागितले आणि काचेच्या सुरईतून ते आले, कारण जेवणाऱ्याला नळाचे पाणी फुकट द्यावे असा तिथला नियमच आहे. पाठोपाठ पावाची टोपली आली. तिथे पाव ठेवायला वेगळी ताटली बहुधा देत नाहीत, तो सरळ टेबलावरच ठेवायचा असतो. मामांनी आधी खिशातला रुमाल अंथरला आणि मग त्यावर पाव ठेवला, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या आजींनी मोठ्या आदराने त्या विधीकडे पाहिले.

मामा शुद्ध शाकाहारी, अंडेसुद्धा वर्ज्य, आणि दोर्दोन्य म्हणजे बदकांचा मुलूख. सॅलडमध्ये बदकाच्या पोटातले भाग, मुख्य पदार्थांत बदकाची तंगडी, आणि उरलेल्या जागेत त्याचे फुगवलेले यकृत. शेवटी मामांना बटाटे दिसले. लसूण आणि पार्सली घातलेले, खरपूस परतलेले ते बटाटे सार्लाची खासियत आहेत, हे वाचून त्यांनी ते मोठ्या उत्साहाने मागवले. वेटरने त्यांच्याकडे, मग माझ्याकडे पाहिले आणि अतिशय सभ्यपणे सांगितले, की ते बदकाच्या चरबीत परततात.

"बटाट्यातसुद्धा बदक?" मामा म्हणाले. "अहो जावईबापू, ह्या लोकांनी कंदमुळांनाही सोडलं नाही!"

अखेर भाजलेल्या पावावर बकरीच्या दुधाचे चीज, मध आणि तिथलेच अक्रोड असा तोडगा निघाला. परंपरागत फ्रेंच चीज करताना अनेकदा दूध गोठवण्यासाठी वासराच्या पोटातून काढलेले रेनेट वापरतात, ही माहिती मी कौटुंबिक शांततेच्या दृष्टीने स्वतःजवळच ठेवली.

यानंतर वेळ थांबला. युनेस्कोने 2010 साली फ्रेंच लोकांच्या भोजनपद्धतीला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. त्या भोजनाच्या सुरुवातीला आणि शेवटी मद्य असते आणि मधे किमान चार टप्पे असतात, असे त्या नोंदीत म्हटले आहे. दोन टप्प्यांमध्ये माणसाने काय करावे, याबद्दल मात्र मार्गदर्शन हवे होते. शेजारच्या आजी आणि त्यांचे कुटुंब या मधल्या काळात बोलत होते, आणि तेही बहुतेक जेवणाबद्दलच. आमचे बोलायचे विषय पावाच्या दुसऱ्या टोपलीलाच संपले होते. मामांनी चौकातल्या खिडक्या मोजल्या. पत्नीने मोबाइलमधले जुने फोटो पुसून टाकायला घेतले. मी टेबलावर फिरणाऱ्या गांधीलमाशीशी प्रथम वैर आणि नंतर स्नेह जोडला.

गोड पदार्थ झाला. कॉफी त्याच्यासोबत येत नाही, नंतर येते, म्हणून तीही झाली. मग आम्ही बिलाची वाट पाहू लागलो. न मागता बिल आणून ठेवणे म्हणजे पाहुण्याला उठा म्हणणे, असे तिथे मानतात. त्यामुळे वेटर आमच्या सुखात व्यत्यय येऊ नये म्हणून कटाक्षाने दुसरीकडे पाहत होता आणि आम्ही त्याची नजर पकडण्यासाठी माना उंचावत होतो. शेवटी पत्नी म्हणाली, "अहो, हवेत सही केल्यासारखं करा." मी ते केले आणि बिल आले.

मामांनी मोबाइलच्या उजेडात ते दोनदा तपासले. सेवेचे शुल्क किमतीतच धरलेले असते, हे कळल्यावर बक्षिशीसाठी काढलेले नाणे त्यांनी पुन्हा खिशात टाकले. मग त्यांचे बोट कागदावरून वरखाली फिरू लागले.

"पावाचे पैसे लावलेले नाहीत. पाण्याचेही नाहीत. आणि उठा म्हणून कोणी सांगत नाही," ते रुमालाची घडी घालत म्हणाले. "मग उद्या चीजच्या भानगडीत पडायचंच कशाला?"