तिजोरीवर भार न टाकता निवृत्त कसं व्हावं

सरकारी पेन्शनचा बोजा तिजोरीला पेलत नाही, हे तुमच्याही कानावर आलं असेल. अशा वेळी जबाबदार पेन्शनर म्हणून आपण काय करावं, हा प्रश्न तुम्हाला पडलाच असेल. पडला नसेल तर पडायला हवा. उपाय एकच आहे आणि त्याला समितीही लागत नाही: वेळेवर मरायला शिका.

वेळेवर म्हटल्यावर लोक घाईच करतात. हिशोब नीट समजून घ्या. समजा, तुम्ही केंद्राच्या नोकरीतून साठाव्या वर्षी ५०,००० रुपये मूळ पेन्शन घेऊन बाहेर पडलात. त्यातला ४० टक्के भाग, म्हणजे २०,००० रुपये, कम्युट केलात, आपल्या भाषेत विकलात. या वयासाठी ठरलेला गुणक ८.१९४. वीस हजार गुणिले बारा गुणिले ८.१९४, एकरकमी १९,६६,५६० रुपये हातात. बदल्यात दरमहा २०,००० ची कपात, १५ वर्षं. म्हणजे सरकारकडे ३६ लाख परत. पण मधेच गेलात, तर राहिलेले हप्ते सरकारला सोडून द्यावे लागतात, बायकोच्या पेन्शनमधून ते कापता येत नाहीत. वर तुमची ६७ वर्षं भरेपर्यंत तिला वाढीव दराने कुटुंब निवृत्तिवेतन द्यावं लागतं, ते वेगळंच. तेव्हा पासष्टीत जाणं हा सरळसरळ राष्ट्रीय तोटा आहे.

पंचाहत्तरीला कपात संपते आणि पूर्ण पेन्शन पुन्हा सुरू होते. इथे सावध राहा. ज्या महिन्यात ऐंशी पूर्ण होतात, त्या महिन्यापासून मूळ पेन्शनवर २० टक्के जादा. पंच्याऐंशीला ३०, नव्वदीला ४०, पंच्याण्णवला ५० आणि शंभरी गाठलीत तर पेन्शन थेट दुप्पट. म्हणून अमृतमहोत्सव दणक्यात साजरा करा, पण सहस्रचंद्रदर्शनाचा हॉल बुक करू नका.

एवढ्याने भागत नाही. तुमच्यामागे जोडीदाराला तुमच्या शेवटच्या मूळ पगाराच्या ३० टक्के मिळत राहतात, तोही चिवट निघून ऐंशी ओलांडू शकतो आणि त्यालाही वाढीव टक्के लागू होतात. त्यानंतर ठरावीक उत्पन्नमर्यादेच्या आतली अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित मुलगी असेल तर तिला. म्हणजे तिजोरीच्या तब्येतीसाठी समवयस्क बायको करणं आणि मुलीचा संसार टिकवणं ही कामंही तुमच्याकडेच आली. सदाशिव पेठेतल्या वधू-वर सूचक मंडळांनी अर्जात 'वडिलांची पेन्शन' हा रकाना घालायला हरकत नाही.

हे सगळं जमत नसेल तर निदान नोव्हेंबर महिना वाया घालवू नका. हयातीचा दाखला ही काटकसरीची फार सोयीची जागा आहे. काउंटरवर यंत्र असतं, त्यावर अंगठा ठेवायचा. सत्तरीत बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, यंत्र लाल दिवा दाखवतं. मग बोट पुसायचं, दुसरं ठेवायचं, मग डावा हात. मागच्या रांगेतून 'आजोबा, जरा दाबून' असा सल्ला येतो. दाबल्याने रेषा परत उगवत नाहीत, पण सल्ला फुकट असतो. मोतीबिंदू असेल तर डोळ्याच्या यंत्राचाही भरवसा नाही. मोबाइलवर चेहरा दाखवून घरबसल्या दाखला देता येतो, हे मात्र कुणाला सांगू नका. आधार, पीपीओ (पेन्शन देण्याच्या आदेशाचा) क्रमांक आणि बँक खातं हाताशी ठेवून भर उजेडात पापणी मिटली-उघडली की काम होतं. उगाच सगळ्यांचं काम झालं तर डिसेंबरात कुणाचीच पेन्शन अडणार नाही. अर्थात ही बचत तात्पुरती, दाखला दिला की थकबाकी द्यावीच लागते.

आता तुम्ही पेन्शनर नसून पुढारी असाल तर तुमचं काम त्याहून सोपं आहे. जुनी पेन्शन, म्हणजे शेवटच्या पगाराच्या निम्म्याची हमी, परत आणण्याचं आश्वासन द्या. सरकारी कर्मचाऱ्यांच्या मार्च २०२३ च्या संपात 'एकच मिशन, जुनी पेन्शन' ही घोषणा राज्यभर घुमली होती, त्यामुळे घोषवाक्याचाही खर्च नाही. आतली गंमत अशी की, हा निर्णय घेतल्यावर सुरुवातीची वर्षं खर्च वाढत नाही, उलट कमी होतो! नव्या योजनेत दोघांची वर्गणी बाजारात गुंतवतात आणि सरकारला दर महिन्याला पगाराच्या १४ टक्के हिस्सा रोख भरावा लागतो, तो बंद. कर्मचाऱ्याचे १० टक्केही फंड मॅनेजरकडे न जाता भविष्य निर्वाह निधीतून सरकारच्याच हाताशी येतात. १ नोव्हेंबर २००५ नंतर पंचविशीत लागलेला महाराष्ट्र सरकारचा कारकून अठ्ठावन्नाव्या वर्षी, २०३८ च्या सुमारास निवृत्त होणार. तोवर तुम्ही राज्यपाल झालेले असाल. रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी २०२३ मध्ये गणित मांडलं, की सगळी राज्यं जुन्या पेन्शनवर परतली तर एकूण भार नव्या योजनेच्या साडेचार पटींपर्यंत जाईल. पण तो भार २०६० पर्यंत पसरलेला आहे आणि २०६० चे बरेच मतदार अजून जन्मायचे आहेत. शिवाय जुन्या पेन्शनचा निधीच नसतो, दर वर्षीच्या अर्थसंकल्पातून पैसे जातात. जो निधी नाही तो बुडणार कसा?

राज्यातलं निवृत्तीचं वय ५८ चं ६० करा, असंही कुणी सुचवेल. उत्तम. दोन वर्षांची पेन्शन वाचली, ग्रॅच्युइटी पुढे गेली. नवी पेठ आणि सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये एमपीएससीची जाहिरात येण्याची वाट बघत बसलेली मुलं तेवढीच अजून दोन वर्षं बसतील. खुल्या प्रवर्गाला ३८ ची मर्यादा आहे, काहींची ती तिथेच संपेल. नोकरी नाही म्हणजे पेन्शनही नाही, ही बचत हिशोबात धरायला तज्ज्ञ विसरतात.

पण खरा आदर्श हवा असेल तर भोसरी-चाकणला जा. तिथल्या कारखान्यांत ईपीएस-९५, म्हणजे खासगी कामगारांची १९९५ ची पेन्शन योजना आहे आणि निधी कसा राखावा ते तिच्याकडून शिकावं. २०१४ मध्ये पगाराची मर्यादा १५,००० ठरली आणि पुढची दहा वर्षं हलली नाही. पगार वाढत ६०,००० झाला तरी सर्वसाधारणपणे मालकाच्या हिश्श्यातून १५,००० च्या ८.३३ टक्के, म्हणजे १,२५० रुपये पेन्शन खात्यात. पेन्शन काढायची तर सरासरी पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले ७०. सप्टेंबर २०१४ नंतर लागून ३० वर्षं राबलात, वर दोन वर्षांचा बोनस धरला, तरी ६,८५७ रुपये. त्याआधीची सेवा असेल तर ती ६,५०० च्या मर्यादेने मोजतात, आकडा आणखी सडपातळ होतो. महागाई भत्ता नाही. किमान पेन्शन १,००० रुपये, दिवसाला तेहतीस. इतकं करूनही मूल्यांकनात तूट निघते, तेव्हा वाव अजून आहे.

कंटाळवाणे उपायही आहेत. ज्या वर्षी वचन दिलं त्याच वर्षी त्याची किंमत विमागणितज्ञाकडून काढून वेगळी ठेवायची. एप्रिल २०२५ पासूनच्या केंद्राच्या एकीकृत पेन्शन योजनेत सरकारचा वाटा १८.५ टक्के धरलाय, त्यातले ८.५ टक्के हमीच्या सामायिक निधीत जातात, म्हणजे हमी फुकट नसते हे निदान कागदावर आलं. ईपीएसची मर्यादा पगारवाढीला जोडायची, वर्गणीही त्याबरोबर वाढवायची. निवृत्तीचं वय आयुर्मान बघून दर काही वर्षांनी थोडं थोडं सरकवायचं, आणि आज लागणाऱ्याला ते आजच सांगायचं. हे तळजाईच्या टेकडीवर सकाळी फिरताना बोलून बघा. सोबतचे पेन्शनर एकदम चालण्याचा वेग वाढवतात.