'फक्त १० टक्के भरा'

वडोदऱ्यात गोत्री-भायलीकडे कुठल्याही रस्त्याने जा, बिल्डरांच्या बोर्डावर तेच: फक्त १० टक्के भरा, घर तुमचं. अहो, नाही होत ते! ५० लाखांच्या फ्लॅटला बँक जास्तीत जास्त ८० टक्के देते, रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे. म्हणजे १० लाख आपलेच. बांधकाम चालू असेल तर ५ टक्के जीएसटी, अडीच लाख. गुजरातेत स्टँप ड्यूटी ४.९ टक्के, शिवाय १ टक्का नोंदणी (घर एकट्या बाईच्या नावावर असेल तर ती माफ, हे मात्र कुणी आपणहून सांगत नाही). स्टँप ड्यूटी आणि नोंदणीच्या खर्चाला तर कर्ज धरतच नाहीत. १५ लाखांच्या आसपास हातात रोख हवी, आणि मेंटेनन्स डिपॉझिट वेगळं!

दांडिया बाजारच्या जुन्या वाड्यांतून बाहेर पडू पाहणारी आमची पोरं त्या बोर्डावर विश्वास ठेवतात. सेल्सवाला गोड बोलतो, 'आधी टोकन द्या, बानाखत (विक्रीचा करार) नंतर बघू.' पण रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा, त्याच्या कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत करार केल्याशिवाय १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेताच येत नाही. तरी मागतात, तेही सर्रास! आणि भाव सांगतात सुपर बिल्टअपचा, म्हणजे जिना-लॉबीचा वाटा धरून. कार्पेट, म्हणजे घरातली प्रत्यक्ष वापरायची जागा, किती विचारलं की चेहरा पडतो.

संताप येतो हो. आई-बाबांची एफडी मोडून पोरं हे पैसे भरतात. त्या बोर्डावर पूर्ण आकडा लिहा ना, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत!