भांडण वरच्या पाण्याचं, उपसा खालचा

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सीमाप्रश्न किंवा कळसा-भांडुरा निघाला की माझा फोन रात्रभर थरथरत असतो. म्हादईचं पाणी मलप्रभेत वळवण्यावरून खानापूरचे मामा एक बोलतात, हुबळीला नोकरी करणारा चुलतभाऊ दुसरंच. 2018 च्या निवाड्यात लवादाने या दोन नाल्यांतून 3.9 टीएमसी वळवायला मुभा दिली, हा आकडा आमच्यात शेंबड्या पोरालाही पाठ. स्वतःच्या मळ्यातल्या बोअरने वर्षात किती उपसा केला, ते मात्र एकालाही सांगता येत नाही.

मी अमेरिकेत मिल्वॉकीत राहतो, मिशिगन सरोवराच्या काठावर. इथून अर्ध्या तासावरचं वॉकेशा एकेकाळी झऱ्यांसाठी नावाजलेलं होतं. खोल बोअर मारत त्यांनी भूजल शेकडो फूट खाली नेलं, आणि वर येऊ लागलं ते रेडियम घेऊन. जे खोलातलं पाणी पूर्वी सरोवराकडे सरकायचं, तेही उलटं या बोअरांकडे ओढलं गेलं. शेवटी सरोवराचंच पाणी मागायची वेळ आली. शहर पाणलोटाच्या पलीकडचं, म्हणजे थेट आपल्या कणकुंबीचाच, कळसा नाल्याचाच तंटा! 2016 मध्ये इथल्या मोठ्या सरोवरांकाठच्या आठ राज्यांच्या गव्हर्नरांनी होकार दिला, पण वापरलेलं पाणी शुद्ध करून सरोवरात परत सोडायच्या अटीवर. 2023 पासून तसं चाललंय. (अक्कल यांनाही विहीर नासल्यावरच आली, हे सांगायला हवं.)

त्या सरोवराचंही आता काही खरं नाही. हिवाळ्यात बर्फ कमी धरतो, पाणी कोमट राहतं आणि वाफ होऊन जातं. 2013 च्या जानेवारीत नीचांक, मग पावसाची वर्षं लागून 2020 ला जवळजवळ विक्रमी उंची. फरक सुमारे 6 फुटांचा.

एवढ्या मोठ्या सरोवराची ही गत, तर गावाकडच्या तळ्याचं काय घ्या! आपला जांभा स्पंजासारखा. सावकाश पडणारा पाऊस पितो आणि झऱ्यांतून महिनोन्‌महिने सोडत राहतो. चार दिवसांत कोसळलेला पाऊस त्याला पिता येत नाही. 2019 च्या ऑगस्टात बेळगावात पूर, 2023 ला कर्नाटकातले बहुतेक तालुके दुष्काळी. तळं लवकर आटलं की आमच्याकडे गाळाला बोल लावतात. गाळ काढावाच. पण भोवताली उसाला दहा बोअर चालू असतील तर झरे तळ्यात यायचे थांबतात, आणि तळ्यातलंच पाणी खाली झिरपून जातं.

हे बोललो तर दादा म्हणाला, “तिथं बसून शिकवू नकोस, येऊन बघ की!” बरोबरच आहे त्याचं. मी एवढंच म्हटलं, दर पौर्णिमेला आडात दोर सोड आणि पाणी किती हातांवर लागतंय ते कॅलेंडरवर लिही. तो हसला. वहिनीने मात्र फोटो पाठवलाय: मार्गशीर्ष, 9 हात.