आर्थर इंग्लंडचा राजा नव्हताच
परवा एका ग्रुपवर परत तेच वाचलं, ‘इंग्लंडचा महान राजा आर्थर’, आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. अहो, तो असलाच तर इंग्रजांच्या पूर्वजांशी लढणारा होता!

साधारण ४१० ला रोमन राजवट ब्रिटनमधून उठली, मग समुद्रापलीकडून अँगल्स आणि सॅक्सन, म्हणजेच इंग्रजांचे पूर्वज, येऊन पूर्वेकडून जमीन बळकावत आत सरकत गेले आणि तिथल्या केल्टिक भाषा बोलणाऱ्या ब्रिटन लोकांच्या हातात शेवटी पश्चिमेचा डोंगराळ भाग तेवढा उरला. ह्यांनाच नाव पडलं वेल्श. जुन्या इंग्रजीत ह्याचा अर्थ परके. स्वतःच्याच मातीत परके! ते स्वतःला म्हणतात कम्री, म्हणजे एका मुलखातली आपली माणसं. आर्थर ह्यांचा.

आता तो खरंच होऊन गेला का? गिल्डास नावाचा साधू सहाव्या शतकात ब्रिटन लोकांनी सॅक्सनांशी केलेल्या बेडनच्या लढाईबद्दल लिहितो, पण आर्थरचं नाव घेत नाही. ७३१ मध्ये बीड ह्या इंग्रज साधूने आपला इतिहास पुरा केला, त्यातही नाही. तो नीट भेटतो ८३० च्या आसपास वेल्समध्ये लिहिलेल्या एका लॅटिन इतिहासात, आणि तिथेही राजा म्हणून नाही, सेनापती म्हणून, १२ लढाया जिंकलेला, आणि बेडनला म्हणे त्याने एकट्याने एका दिवसात ९६० माणसं मारली. म्हणजे तोवर दंतकथा झालीच होती. मला विचाराल तर तलवार, हाडं शोधत बसण्यात अर्थ नाही, हरणाऱ्या लोकांनी कोणाची आठवण जपली ते बघा.

आणि त्याचा दरबार! त्याचे सरदार बसायचे ते गोल टेबल ११५५ मध्ये वास नावाच्या कवीच्या फ्रेंच काव्यात आलं, सरदार लान्सलॉट आणि दरबाराचं गाव कॅमेलॉट त्यानंतर क्रेतियँ ह्या कवीकडून, तोही फ्रेंच. जुन्या वेल्श कथेत दरबार कॉर्नवॉलला केल्लीविगमध्ये भरतो आणि तिथे असतो आर्थरचा साथीदार केई. नऊ दिवस नऊ रात्री पाण्याखाली श्वास रोखून राहणारा, अंगात एवढी ऊब की धो धो पावसातही त्याच्या हातातली वस्तू कोरडी राहायची आणि गारठलेले सोबती त्याच्या उबेवर शेकोटी पेटवायचे. फ्रेंच कथांमध्ये ह्याच केईचा टोमणे मारणारा, बढाईखोर कारभारी करून टाकला. मला ह्याचं खरंच वाईट वाटतं.

इंग्लंडमध्ये विंचेस्टरला गेले होते तेव्हा आर्थरचं म्हणून भिंतीवर टांगलेलं ते भलंमोठं गोल टेबल बघितलं, साडेपाच मीटर रुंद, ओकचं, हिरवे-पांढरे पट्टे, कडेने २४ सरदारांची नावं. लाकूड तेराव्या शतकातलं निघालं, रंगवून घेतलं इंग्लंडच्या राजाने, आठव्या हेन्रीने, आणि मधोमध काय तर त्याच्या घराण्याची खूण, ट्यूडर गुलाब! बघणारे फोटो काढत होते, माझी नजर त्या गुलाबावरून हलेना.

त्याहून लागतं ते इंग्लंडमधल्या ग्लॅस्टनबरीचं. ११८४ ला तिथला मठ जळाला, बांधकामाला पैसा हवा होता, आणि ११९१ ला मठवाल्यांना आर्थरची कबर ‘सापडली’. वेल्श लोक म्हणायचे आमचा राजा मेलेला नाही, तो परत येणार. एका जुन्या वेल्श कवितेत सगळ्या वीरांच्या कबरी कुठे आहेत ते सांगितलंय, आर्थरची मात्र जगाला न सापडणारी. १२७७ ला इंग्लंडचा राजा पहिल्या एडवर्डने वेल्सवर स्वारी केली आणि पुढच्याच वर्षी ईस्टरला ग्लॅस्टनबरीत जाऊन ती कबर उघडवली, आतली हाडं रेशमात गुंडाळून राजाच्या थाटात परत पुरली. पाच वर्षांत वेल्स त्याच्या ताब्यात होतं.