बादलीतले २४ तास

नमस्कार. प्रतिक्रिया तिखट आहे, पण तुम्ही प्रयोग करून भांडताय, म्हणून सविस्तर लिहितो. डब्ल्यूपीसी म्हणजे लाकडाची भुकटी आणि प्लास्टिक यांचं मिश्रण. ‘डब्ल्यूपीसी पाणी पितं’ हे माझ्या लेखातलं वाक्य तुम्हाला खोटं वाटतं. बाथरूमच्या दाराचा तुकडा तुम्ही २४ तास बादलीत ठेवलात, तो फुगला नाही. शिवाय लाकडाच्या भुशाने प्लास्टिक चिवट होतं, असं तुमचं म्हणणं.

आधी माझी चूक. तुकडा बुडावा म्हणून वर दगड ठेवला, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे तो पीव्हीसीचा फेसाळ बोर्ड, आत नुसत्या बंद पोकळ्या. त्याला पाण्याची भीती नाहीच. मी बोलत होतो गच्चीवर टाकायच्या भरीव फळीबद्दल. तिच्यात निम्म्याच्या आसपास लाकडाची भुकटी आणि बाकी बहुतेक पॉलिथिन असतं. ती दगडाशिवाय तळ गाठते. हा फरक लेखात सांगायला हवा होता.

२४ तासांचं मात्र मान्य नाही. भरीव फळीच्या पृष्ठभागावर प्लास्टिकचा पातळ थर असतो, तो पाणी अडवतो. करवतीने कापलेल्या टोकाला भुसा उघडा पडतो आणि पाणी तिथून, कणाकणाने सरकतं. जाडी दुप्पट झाली की मुरायला वेळ चौपट लागतो. चिपळूणच्या चार महिन्यांच्या पावसापुढे तुमची बादली म्हणजे एक सर! फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्स उद्यानात अशाच फळ्यांच्या पायवाटेवर बुरशी उगवली होती. १९९८ साली ते छापूनही आलं. तेव्हा कापलेली टोकं सील करा, फळ्यांमध्ये फट सोडा, खाली पाणी तुंबू देऊ नका.

आता चिवटपणा. भुशाने वाढतो तो ताठपणा. फळी कमी वाकते, पण फटका बसला तर लवकर तडकते. नुसतं पॉलिथिन ताणलं की लांबतं. त्यात भुसा भरला की प्रत्येक कणाभोवती तडा जायला जागा होते. लाकडाला पाणी आवडतं, पॉलिथिनला नाही, दोघं एकमेकांना धरत नाहीत. म्हणून मॅलेइक ॲनहायड्राइड हे दोघांना जोडणारं रसायन लावलेलं प्लास्टिक काही टक्के मिसळतात. त्याने पकड सुधारते, पाणीही कमी शिरतं. तरी कडेला स्क्रू मारताना आधी ड्रिलने भोक पाडाच. मी आळस केला होता. फळी टोकापासून वीतभर उकलली.

पुन्हा करून बघायचं असेल तर भरीव फळीचा तुकडा घ्या. आधी सोनाराच्या काट्यावर वजन करा, दोन महिने बुडवा, पुसून पुन्हा करा. आकडे इथेच टाका.