मॅग्नोलियाचं तोरण आणि खिळ्यावरचा अननस

सकाळपासून डोकं फिरलंय.

आमच्या कॉलनीच्या नाताळ सजावट समितीतल्या बाई दारात आल्या. गोड हसून म्हणाल्या, बाकी सगळं सुंदर, पण ते पानांचं तोरण 'कलोनियल', म्हणजे अमेरिकेच्या ब्रिटिश वसाहतकाळातलं, वाटत नाही, तेवढं काढाल का?

व्हर्जिनियात आंब्याची पानं कुठून आणू? मॅग्नोलियाची पानं तशीच लांबट, चकचकीत. सुतळीत ओवली. त्यांच्या दारावर तीच पानं गोल बांधलीत, ती चालतात. आडवी ओवली की परंपरा बुडाली!

आणि परंपरा कुठली? खिडकीखिडकीत मेणबत्ती, दारावर सफरचंदं, वर अननस. हे सगळं इथल्याच विल्यम्सबर्गमध्ये सुरू झालं १९३० च्या दशकात, धनाढ्य रॉकफेलरच्या पैशाने जुनं गाव पुन्हा उभं राहत होतं तेव्हा. फळांच्या माळा सुचल्या त्या इटलीतल्या डेल्ला रोब्बिया घराण्याच्या मातीच्या शिल्पांवरून. खऱ्या वसाहतकाळात अननस इतका महाग, की तो दाराला ठोकणाऱ्याला लोकांनी वेड्यात काढलं असतं. मॅसॅच्युसेट्समध्ये तर १६५९ साली नाताळ पाळला म्हणून पाच शिलिंग दंड होता!

मागे आई इथे होती, तेव्हा शेजारच्या आजींनी आम्हाला तो फळांचा मनोरा शिकवला. लाकडी शंकू, त्यावर खिळ्यांच्या रांगा, खिळ्याखिळ्यावर सफरचंद, फटींत हिरव्या डहाळ्या, माथ्यावर अननस. आई बघतच राहिली. "अगं, खायची वस्तू खिळ्याला ठोकायची?" आणि दोनच मिनिटांनी स्वतः एकेक सफरचंद फिरवून लाल बाजू पुढे करत बसली.

दिसतं देखणं, मान्य. कॉलनीच्या नियमांवर सही मीच केली होती, तेही मान्य.

पण 'कलोनियल' म्हणून मिरवताना त्या काळात विल्यम्सबर्गमधली निम्मी माणसं गुलाम होती, हे कुणाच्या दारावर दिसत नाही. तोरण तेवढं खुपतं.

त्या आजी आता नाहीत. शंकू माझ्याकडे आहे, यंदाही मीच रचला. खालची चार सफरचंदं खारींनी कालच फस्त केली. आईला हे फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "खाऊ देत गं. अननस तेवढा वाचव, उतरवलास की शिरा कर."

तोरण काढलेलं नाही. बाई जाताना एक पान उलटून बघत होत्या, तारेशिवाय कसं ओवलं म्हणून विचारत होत्या. शिकवीनही.

आज नाही.